नांगर रोज ठरावीक वेळीच का सुटतो? किनाऱ्यालगत थांबलेल्या शिडाच्या बोटीसाठी

तक्रार जवळपास नेहमी सारखीच असते. संध्याकाळी नांगर झकास बसला होता, बोट जागची हलत नव्हती. पहाटे उठून बघतो तर रत्नागिरीच्या मांडवीची जेटी काल हाकेच्या अंतरावर होती, ती आज लांब गेलेली. पुन्हा नांगर टाकला, आणखी साखळी सोडली, आणि दुसऱ्या पहाटे परत तेच. मग एखादा मोठा, जड नांगर कुठे मिळेल याची चौकशी सुरू होते.

जड नांगर घेण्याआधी एक साधी नोंद करा: नांगर सुटला तेव्हा किती वाजले होते, आणि त्या वेळी वारा, भरती आणि लाट यांपैकी काय बदललं होतं. कोकण किनाऱ्यावर नोव्हेंबर ते मार्च या काळात हवेचं वेळापत्रक इतकं नेमकं चालतं की निम्मं निदान घड्याळच करतं. ज्या दोषाला वेळ आहे तो बहुधा नांगराच्या वजनाचा दोष नसतो.

हे सगळं रत्नागिरी डोळ्यांसमोर ठेवून लिहितोय. मुंबईहून निघून मुरगाव किंवा कोचीला कस्टम-इमिग्रेशन उरकायचं आणि मग मालदीवकडे किंवा ओमानच्या सलालाकडे सुटायचं, असा बेत असलेल्या बोटी इथे थांबतात. पाणी, डिझेल, भाजी, एखादा अडलेला पंप. गोव्याहून माले पावणेसातशे सागरी मैलांच्या आसपास आणि सलाला अकराशेच्या पुढेमागे, त्यामुळे निघण्याआधी आठवडाभर तरी कुठेतरी निवांत बसावंसं वाटतं. शहराचा किनारा त्याला सोयीचा असतो, डिंगीतून उतरलं की रिक्षा मिळते. पण हा उघडा किनारा आहे, बंदिस्त बंदर नाही. इथे बोट कशी उभी राहील हे नांगर ज्या पद्धतीने टाकलाय त्यावरच ठरतं.

पहाटे तीन ते आठ: मतलई

सगळ्यात जास्त तक्रारी याच वेळेच्या, म्हणून यावरच जास्त बोलतो.

दुपारी वारा वायव्येकडून येतो. बोटीची नाळ (पुढचं टोक) समुद्राकडे, पिछाडी किनाऱ्याकडे, आणि नांगरावरची ओढ किनाऱ्याच्या दिशेने. तुम्ही संध्याकाळी चारला येऊन नांगर टाकला असेल तर त्याचा फाळ याच ओढीने तळात शिरलेला असतो. रात्री वारा पडतो. मध्यरात्रीनंतर सह्याद्रीकडून थंड हवा खाली उतरू लागते आणि पहाटेपर्यंत पूर्व-ईशान्येची मतलई चांगली वाहायला लागते. डिसेंबर-जानेवारीत तर अंगावर शाल घ्यावी लागते. आता बोट अर्धा फेरा घेऊन नांगराच्या दुसऱ्या बाजूला जाते. नाळ शहराकडे, पिछाडी समुद्राकडे. जो नांगर एका दिशेने ओढून पुरला होता, त्याला त्याच साखळीने उलट्या दिशेला उपटायला सुरुवात होते.

वालुकामय तळ असेल तर चांगला नांगर जागच्या जागी वळतो आणि पुन्हा शिरतो. चिकणमाती असेल तर तसं होत नाही. अशा तळातून वर आलेला नांगर एकदा नीट बघा. फाळावर राखाडी मातीचा लाडवासारखा गोळा, त्यात शिंपल्यांचे तुकडे आणि एखादा प्लॅस्टिकच्या पिशवीचा तुकडा अडकलेला, आणि सडक्या अंड्याचा वास. फाळाची धार कुठे दिसतसुद्धा नाही. असा गोळा घेऊन उपटलेला नांगर पुन्हा शिरेल कसा? तो तळावरून नुसता लोळत जातो. नांगराला वर कमान असेल तर ती बोट उलटी फिरल्यावर नांगर सरळ करते हे खरं, पण चिकट मातीत तीच कमान गोळा धरूनही ठेवते. जाहिरातीत ते दाखवत नाहीत.

मिरकरवाड्यातल्या, म्हणजे इथल्या मासेमारी बंदरातल्या, एका जुन्या तांडेलाला (मच्छीमार बोटीच्या प्रमुखाला) मी एका पाहुण्या बोटवाल्यासमोरच विचारलं होतं, "चाचा, यांचा नांगर का सुटतो?" त्यांनी नांगराकडे पाहिलंसुद्धा नाही. "वारा फिरला तेव्हा बोटीवर जागं कोण होतं?" एवढंच विचारलं. कोणीच नव्हतं.

आता या प्रकारातली खरी गोम. पहाटे नांगर सुटला तर बोट समुद्राकडे जाते, म्हणजे वाळूपासून लांब. त्यामुळे घाबरायला होत नाही. वीस-तीस मीटर सरकली, मग थांबली, चला, धरला परत, असं वाटतं. नऊ-दहाच्या सुमाराला वारा पूर्ण पडतो, पाणी तेलासारखं सपाट, बोट सोडून सगळे बाजारात. नांगर मात्र मातीचा गोळा घेऊन तळावर नुसता पडलेला असतो, साखळीच्या वजनावर बोट उभी असते. दुपारी दोनला वायव्येचा वारा सुरू झाला की हीच बोट निघते, आणि आता तिच्या पाठीमागे फुटणाऱ्या लाटा आणि वाळू असते. म्हणजे बिघाड पहाटेचा आणि अपघात दुपारचा. म्हणून "आमचा नांगर दुपारी सुटला" असं कोणी सांगितलं तरी मी आधी पहाटेची चौकशी करतो.

उपाय तीन आहेत, माझ्या पसंतीच्या क्रमाने सांगतो.

पहिला उपाय फुकटचा आहे. वारा दिवसातून दोनदा फिरतो, तर नांगरही दोनदा तपासायचा. सकाळी अकराच्या पुढे समुद्राकडची झुळूक लागली आणि बोट पुन्हा किनाऱ्याकडे पिछाडी करून स्थिर झाली की इंजिन मागच्या गियरमध्ये टाका, आधी हळू, मग मिनिटाला दीड-दोन हजार फेऱ्यांपर्यंत, आणि मिनिटभर तसंच धरा. एकाने नाळेवर उभं राहून साखळीवर उघडा तळवा ठेवायचा. नांगर धरून असेल तर साखळी ताणते, थोडी वर येते आणि गप्प राहते. सरकत असेल तर तळव्याला खरखर लागते, मधूनच झटका, मग पुन्हा खरखर. ही परीक्षा झाल्याशिवाय सगळ्यांनी एकदम उतरायचं नाही. तेवढं इंजिन चालवल्याने बॅटरीही थोडी भरते, त्यामुळे डिझेल वाया गेलं म्हणून हळहळू नका. रात्रीच्या परीक्षेसाठी मात्र गजर लावून तीनला उठावं लागतं. तेवढं जमत नसेल तर दुसरा उपाय बघा.

दुसरा: दोन नांगर, एकमेकांच्या उलट दिशांना, दोन्ही दोर नाळेवर. एक वायव्येला, एक पूर्वेला. करायचं असं: पहिला नांगर टाका, लागते त्याच्या दुप्पट साखळी सोडत वाऱ्याबरोबर मागे या, तिथे पिछाडीवरून दुसरा सोडा, मग पहिल्याची साखळी ओढत मध्यावर या आणि दुसऱ्याचा दोर नाळेवर आणून बांधा. आता मतलई आली की एक नांगर काम करतो, दुपारचा वारा आला की दुसरा. कुठल्याच नांगराला उलटी ओढ बसत नाही. बोट फिरते तीही जवळजवळ जागच्या जागी, त्यामुळे शेजारच्या मचव्यांना त्रास नाही. दोन गोष्टी सांभाळायच्या. दुसऱ्या नांगराला साखळी थोडी आणि बाकी दोर असा जोड असतो, आणि ढिला पडलेला दोर बोटीच्या तळाच्या उभ्या पात्यात किंवा पंख्यात अडकतो. त्या दोरावर चार-पाच किलोचं लोखंड सरकतं लटकवा म्हणजे तो खाली राहील. आणि रोज सकाळी नाळेखाली डोकावून बघा. बोट रोज एकाच बाजूने फिरत असेल तर साखळी आणि दोर एकमेकांना पीळ घालतात. एक-दोन पीळ सोडवता येतात, आठवड्याचे नाही.

तिसरा उपाय म्हणजे नांगर बदलणं. तुमच्याकडे खरोखरच जुन्या घाटणीचा, सांध्यात हलणारा नांगराचा फाळ असलेला प्रकार असेल आणि पुढे महासागर ओलांडायचा असेल, तर चांगला, टोक जड असलेला नवा नांगर घेण्यात शहाणपण आहे. पण तो मालदीवसाठी घ्या. रत्नागिरीतली पहाट पहिल्या उपायानेच भागते.

भरतीच्या टोकाला

घसरण्याची वेळ रोज पाऊण तासाने पुढे जात असेल तर वाऱ्याला दोष देऊ नका, तो भरतीचा खेळ आहे. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास, म्हणजे उधाणाला, हा प्रकार दिसतो आणि भांगाच्या, म्हणजे कमी चढउताराच्या, दिवसांत आपोआप बंद होतो. त्यामुळेच अनेकांना वाटतं की आपण काहीतरी दुरुस्त केलं.

हिशोब कसा चुकतो ते बघा. ओहोटीला आलात, यंत्र चार मीटर पाणी दाखवतंय. खोलीच्या पाचपट साखळी हवी म्हणून वीस मीटर सोडली. पण रत्नागिरीला उधाणाच्या दिवशी पाणी दोन-अडीच मीटर चढतं. दोनच धरा. शिवाय साखळी जिथून खाली जाते ती नाळ पाण्यापासून सव्वा मीटर वर आहे. म्हणजे भरतीला खरी खोली झाली सव्वासात मीटर. वीस भागिले सव्वासात, जेमतेम पावणेतीन पट. साखळी उभी होते, नांगराचा दांडा तळावरून उचलला जातो आणि फाळ निसटतो. हवी होती छत्तीस मीटर. मुंबईत तर चढउतार साडेचार मीटरच्या वर जातो, तिथे हाच हिशोब पन्नास मीटरच्या घरात जाईल. आणि तुमचं खोली मोजणारं यंत्र पाण्याच्या पातळीपासून मोजतं की बोटीच्या तळाला बसवलेल्या जागेपासून, हेही एकदा दोरीला वजन बांधून ताडून घ्या. अर्धा-पाऊण मीटरचा फरक असू शकतो.

पूर्ण साखळी असेल तर भरतीच्या खोलीच्या पाचपट, दोर जास्त असेल तर सातपट. आठ मिलिमीटरची साखळी मीटरला साधारण दीड किलो भरते. दहा मीटर जास्त सोडली म्हणजे तळावर पंधरा किलो आणखी पडलं, पैसे न मोजता. लॉकरमध्ये ठेवलेली साखळी काहीच कामाची नाही.

भरतीच्या वेळेसाठी तक्ता असतोच, पण तिथीची पाऊणपट हा आपल्याकडचा हिशोब पाठ असू द्या. अष्टमीला आठ गुणिले पाऊण, सहाच्या सुमाराला भरती. हा मुंबईचा अंदाज, रत्नागिरीत भरती त्याच्या थोडी आधी येते. मोबाइल बंद पडला तरी कॅलेंडर कुठल्याही दुकानाच्या भिंतीवर मिळतं.

दुपारी दोन ते सूर्यास्त

पहाटेची परीक्षा घेतली, साखळी पुरेशी सोडली, तरी दुपारीच सुटतो, असं असेल तर दोन शक्यता: जागा किंवा तळ.

रत्नदुर्गाचं (भगवती किल्ल्याचं) भूशिर समुद्रात घुसलेलं आहे, त्याच्या उत्तरेला मिऱ्याची बाजू, पांढरा समुद्र, आणि दक्षिणेला मिरकरवाडा, मांडवी, काळा समुद्र. हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात दुपारचा वारा वायव्येचा. मग किल्ल्याची आडोसा देणारी बाजू दक्षिणेची. तरी लोक पांढऱ्या वाळूला भुलून उत्तरेकडे थांबतात आणि दुपारभर लाटा अंगावर घेतात. फोटो छान येतात.

मांडवीकडेही किनाऱ्याच्या फार जवळ जाऊ नका. भाट्याच्या खाडीतून ओहोटीला बाहेर येणारं पाणी आणि समोरून येणारा वारा यांची गाठ पडली की बोट ना धड वाऱ्याला तोंड करते ना पाण्याला, आडवी होते आणि साखळी बोटीच्या तळाखाली जाते. खाडीच्या तोंडाशी गाळ साचून दांडे तयार होतात, ते दरवर्षी सरकतात. तक्त्यावरची खोली तिथे धरून चालू नका. रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढणाऱ्यांचा पट्टा कुठला हेही आधी विचारून घ्या. नाहीतर पहाटे जाळं टाकायच्या वेळी तुमची बोट नेमकी मध्ये असते, आणि मग जे ऐकायला लागतं ते लेखात देता येत नाही.

तळाची गोष्ट अशी. इथली काळी वाळू म्हणजे इल्मेनाइटसारख्या जड खनिजांची बारीक वाळू. लाटांनी ती दाबून घट्ट बसते. नांगर पडल्यावर आधी काही मीटर नुसता घसरत जातो आणि घाईत मागचा गियर जोरात टाकला तर शिरतच नाही. अशा तळावर नांगर टाकल्यावर बोट वाऱ्याने आपोआप मागे जाऊ द्या, साखळी आडवी पसरू द्या, दहा मिनिटं चहा करा, मग इंजिन. किनाऱ्यापासून थोडं बाहेर गेलं की वाळू संपून गाळ-चिकणमाती लागते. किल्ल्याच्या पायथ्याशी मात्र खडक. तळ कुठला ते कळायला वजनाच्या खालच्या खोबणीत साबण किंवा ग्रीस भरून दोरीने सोडा. जे चिकटून वर येईल तो तुमचा तळ. काहीच चिकटलं नाही आणि ग्रीसवर नुसता ओरखडा आला तर खडक, तिथून हला.

आणि झटके. दुपारच्या उभ्या लाटांत साखळी ताणली की बोट प्रत्येक लाटेला नांगराला हिसका देते. जोर वाढला की साखळीची झोळ उरत नाही, सरळ काठी होते, मग साखळीचं वजन धक्का शोषत नाही. वारा दुप्पट झाला की त्याचा दाब चौपट होतो हे विसरू नका. बारा मिलिमीटरच्या आसपासचा आठ-दहा मीटर नायलॉनचा दोर साखळीला अडकवून नाळेवरच्या खुंट्याला बांधा, साखळी त्याच्यापुढे ढिली सोडा. नायलॉन ताणतो, नांगर वाचतो. जिथे दोर घासतो तिथे जुन्या पाइपचा तुकडा चढवा, नाहीतर तो रातोरात कापला जातो.

वारा नाही, तरी झोप नाही

ही वेगळी तक्रार, पण तिच्यामुळेही नांगर सैल होतो. सगळं शांत, पाणी चकचकीत, आणि बोट मात्र दोन्ही बाजूंना अशी डोलते की गॅसवरचं भांडं उतरवावं लागतं.

हिवाळ्यात याचं एक कारण इराणच्या आखाताकडे असतं. तिकडे शमाल नावाचा वायव्येचा जोरदार वारा सुटला की त्याने उठवलेल्या लाटा अरबी समुद्र ओलांडून एक-दोन दिवसांत आपल्या किनाऱ्यावर येतात. इथे वाऱ्याचा पत्ता नसतो. रात्री मतलईने बोटीची नाळ जमिनीकडे केलेली किंवा वारा पडल्यावर बोट कशीही आडवी, आणि वायव्येची लाट थेट कुशीत. दुसरं कारण दक्षिणेकडच्या महासागरातून येणारी नैर्ऋत्येची लांब लाट. ती येते तेव्हा मांडवीची बाजूच उघडी पडते. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था उंच लाटांचे इशारे देते. मच्छीमार ते बघतात, तुम्हीही बघा. वाऱ्याचा अंदाज चांगला आहे म्हणून लाटेचा चांगला असेलच असं नाही.

पिछाडीला दुसरा नांगर टाकून नाळ लाटेकडे धरून ठेवायची, हा पुस्तकी उपाय. डोलणं थांबतं. पण पहाटे मतलई कुशीवरून आली की सगळा दाब बोटीच्या पूर्ण लांबीवर येतो आणि दोन्ही नांगरांवर ताण पडतो. शांत रात्रीसाठी ठीक, पण अंधारात तो कापून टाकायची तयारी असेल तरच. मला साखळीला दोर अडकवून तो पिछाडीकडे आणणं जास्त पटतं. दोर आखडला किंवा सोडला की बोटीचा कोन बदलतो आणि नांगर एकच राहतो. वारा मात्र थोडा तरी हवा.

घसरत नसताना घसरल्यासारखं

रात्री बोट सरकल्याचा इशारा देणारा यंत्राचा गजर वाजतो, धावत वर येता, काहीच झालेलं नसतं. चार रात्री असं झालं की पाचव्या रात्री गजर बंद करून लोक झोपतात.

गजराच्या घेराचं केंद्र नांगर पडला त्या क्षणी नोंदवायचं, बोट मागे येऊन उभी राहिल्यावर नाही. छत्तीस मीटर साखळी आणि बारा मीटरची बोट असेल तर मतलई आणि खारा वारा यांच्यामध्ये पिछाडी ऐंशी-नव्वद मीटर इकडची तिकडे जाते. तेवढा घेर गृहीत धरा. आणि यंत्रापेक्षा डोळ्यांवर भरवसा ठेवा: किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत निवडा, एक जवळची, एक लांबची. रात्रीसाठी भगवती किल्ल्याकडचं दीपगृह आणि आणखी एखादा न हलणारा दिवा. हॉटेलचा दिवा धरू नका, अकराला मालक तो बंद करतो.

दिव्यावरून आठवलं. डोलकाठीच्या टोकावरचा पांढरा दिवा नियमाला पुरेसा असतो, पण पहाटे मिरकरवाड्यातून सुटणाऱ्या ट्रॉलरवरच्या खलाशाला तो शहराच्या दिव्यांत मिसळलेला दिसतो. दुसरा एक दिवा डेकपासून माणसाच्या उंचीवर लावा. दिवसा काळा गोळा लावा. आल्या दिवशी बंदर कार्यालयात आणि सागरी पोलिसांकडे नोंद करून या. २००८ च्या मुंबई हल्ल्यानंतर अनोळखी बोटीची विचारपूस होणारच, ती चहा पीत झालेली बरी.

निघायच्या आठवड्यातच का होतं?

कारण बोट बदललेली असते. रेलिंगला बांधलेले डिझेलचे कॅन, वर सौर पाट्या, डेकवर डिंगी, ताडपत्री. हे सगळं वारा धरतं. पिछाडी जड होऊन नाळ वर उचलली जाते आणि बोट नांगरावर शेपटी हलवल्यासारखी डावी-उजवीकडे पळत राहते. प्रत्येक फेरीच्या टोकाला नांगराला तिरपा झटका. कॅन शेवटच्या दिवशी चढवा, ताडपत्री दुपारी उतरवा. पाण्याच्या टाक्या मध्यावर असतील तर आधी त्या भरा.

माणसंही बदललेली असतात. यादीत शंभर कामं, सगळे दमलेले, आणि एकाच दुपारी सगळ्यांना बाजार गाठायचा असतो. एक जण बोटीवर राहील, आणि तो इंजिन सुरू करून नांगर एकट्याने उचलू शकणारा असेल, एवढा नियम पुरे.

जेव्हा यातलं काहीच लागू पडत नाही

३ जून २०२० ला निसर्ग वादळात रत्नागिरीजवळ असलेलं बसरा स्टार हे जहाज भरकटत येऊन मिऱ्याच्या किनाऱ्यावर चढलं. तो सांगाडा नंतर कित्येक वर्षं तिथेच उभा होता. त्याचे नांगर तुमच्या-माझ्या बोटीच्या नांगरांपेक्षा कितीतरी जड होते. नोव्हेंबर २००९ मधलं फयान तर ऐन "आता पावसाळा संपला" म्हणायच्या दिवसांत आलं. ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि मे या महिन्यांत अरबी समुद्रात कमी दाबाचा पट्टा तयार झाल्याची बातमी आली की दोन नांगर, तीन नांगर हा विचार सोडा. उत्तरेला वीसेक मैलांवर जयगडची खाडी आहे, दक्षिणेला पंचवीस-सव्वीस मैलांवर विजयदुर्ग, त्याच्या पुढे देवगड. आधीच, उजेडी, आत जाऊन बसा. इशारा आल्यावर सगळे ट्रॉलरही तिकडेच येतात आणि मग जागा उरत नाही. तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक भिंतीवर चिकटवून ठेवा.

नांगर वर येत नसेल तर

निघायच्या सकाळचा प्रकार. खडकात किंवा टाकून दिलेल्या जाळ्यात फाळ अडकतो. विंचवर जोर काढू नका, ती खुंट्यासकट उखडते. ओहोटीला साखळी उभी ताणून खुंट्याला बांधा आणि भरतीला काम करू द्या. चढणारं पाणी बोट उचलतं आणि बोट नांगराला. नाळ फारच खाली दबायला लागली तर सोडा. तेवढ्याने नाही निघाला तर साखळी थोडी ढिली करून, टाकला होता त्याच्या उलट दिशेने बोट पुढे नेऊन ओढा. नांगराच्या मागच्या कड्याला दोरी बांधून वर तरंगता डबा ठेवायची पद्धत चांगली आहे, पण मांडवीसमोर रात्री तो डबा एखाद्या पंख्यात जाणार. ती दोरी साखळीलाच वरपर्यंत बांधत आणा.

वर आलेली साखळी ब्रशने धुऊन आत घ्या, नाहीतर मालेपर्यंत केबिनला मिरकरवाड्याचा वास. शॅकलची (नांगर साखळीला जोडणाऱ्या कडीची) पिन स्टीलच्या तारेने बांधलेली आहे ना ते याच वेळी बघा. खुल्या समुद्रात नांगर नाळेवर लटकत ठेवू नका, काढून डेकवर आवळून बांधा, आणि साखळी जिथून खाली जाते ते भोक चिंध्या आणि प्लॅस्टिसीनने गच्च बुजवा. रात्री डेकवर आलेल्या लाटांचं पाणी बहुतेक बोटींत याच भोकातून आत शिरतं. साखळीचं आतलं टोक मात्र लॉकरमधल्या कड्याला, चाकूने कापता येईल अशा दोराने, बांधलेलंच राहू द्या. प्रवाळ बेटांपाशी पाणी एकदम खोल होतं, तिथे पहिल्याच दिवशी सगळी साखळी बाहेर जाते.